वरचा आवाज ऐकायला राणीसावरगावला

वरचा आवाज ऐकू आला नाही, म्हणून मी राणीसावरगावला गेलो. कारण एवढेच. या वाटेने कुणाला जायचे असेल तर एसटी, रस्ता, खाणेपिणे हे सारे पुढे ओघाने येईलच. परंतु कारण आधी सांगितले नाही, तर माझ्यासारखा म्हातारा माणूस ऐन सप्ताहाच्या गर्दीत एका खेडेगावी का गेला, हे कोडे वाचकाला उगाच पडून राहील.

मी परभणीत राहतो. संस्कृत शिकवण्यात नोकरी संपली. पहाटे स्नान, इष्टलिंगपूजा, भस्मधारण, स्तोत्रपठण, आणि त्यानंतर, चहाच्या आधी, ब्लूग्रास. अमेरिकेतल्या डोंगराळ मुलखाचे हे संगीत आहे. बँजो, फिडल, मँडोलिन, गिटार आणि माणसाएवढ्या उंचीचे एक खर्जाचे तंतुवाद्य, एवढाच सरंजाम; ढोल नाही, ताशा नाही. चाल मात्र पळत्या घोड्याची. शब्द ऐकावेत तर घर सुटल्याचे, आई गेल्याचे, नदीपलीकडच्या कायमच्या घराचे. निवृत्तीची गाणी प्रवृत्तीच्या वेगाने म्हणायची, हा त्या लोकांचा स्वभाव. शास्त्रे वाचूनही मन ज्याचे ठिकाणावर येत नाही, अशा माझ्यासारख्याला ते जवळचे वाटले तर नवल नाही.

हे वेड लावले डॅनसाहेबाने. ज्वारीवर संशोधन करायला तो अमेरिकेहून परभणीच्या कृषी महाविद्यालयात आला होता आणि आमच्या शेजारच्या खोलीत भाड्याने राहत होता. संध्याकाळी शेतातून आला की हातपाय धुऊन ओट्यावर बसे आणि बँजो मांडीवर घेई. कळा दाबून वाजवतात तो आपल्याकडचा वरातीतला बेंजो नव्हे. दिमडीला, म्हणजे छोट्या डफाला, लांब मान जोडून तारा चढवाव्यात तसे ते वाद्य. मी त्याला देवनागरी शिकवीत असे. त्याच्या बदल्यात त्याने मला आणि माझ्या मित्राला, विश्वनाथअप्पाला, तीन आवाजांत गायला शिकवले.

आपल्या भजनात शंभर माणसे गायली तरी सूर एक. साहेबाच्या मुलखात तिघे जण तीन वेगळ्या सुरांवर उभे राहतात आणि एकच चाल तिघे मिळून पुढे नेतात. साहेबाने मला मधोमध उभे केले, कारण मला चाल सोडून कुठेही जाता येत नसे. स्वतः तो माझ्या खाली गाई. आणि वर अप्पा. अप्पा तेव्हा बियाण्यांच्या गोदामात कारकून होता. बोलताना आवाज साधा, पण गायला लागला की माळरानात एकट्या पडलेल्या माणसाने हाक मारावी तसा उंच, धारदार, कुणाचीही दया न मागणारा. साहेब अंगठा वर करून त्याला खूण करी आणि अप्पा वर जाई. त्या क्षणी माझा स्वतःचा सूर मला दुप्पट मोठा झाल्यासारखा वाटे.

साहेब मायदेशी परतला. तेथे तो वारल्याचे वर्तमान पुढे फार उशिरा कळले. खालची जागा रिकामी राहिली ती राहिलीच. आम्ही दोघेच गात राहिलो. निवृत्तीनंतर अप्पा आपल्या गावी, राणीसावरगावला, शेतीवर गेला. तेव्हापासून दर सोमवारी पूजेनंतर फोनवर आमचे एक गाणे ठरलेले. नदीकाठी पुन्हा भेटू, अशा अर्थाचे. साहेबाचे आवडते.

यंदा दिवाळीनंतर काहीतरी बिघडले. मी मधला सूर धरला, आणि वर काहीच नाही. अप्पा गात होता, शब्द कळत होते, पण आवाज माझ्याच आसपास कुठेतरी घुटमळत होता. पुढच्या सोमवारी तेच. मी कानांच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी काचेच्या खोलीत बसवून कानांत पिपाण्या वाजवल्या, आलेख काढला आणि म्हणाले, "गुरुजी, वयाप्रमाणे थोडे कमी झाले आहे. वरचे स्वर आधी जातात. यंत्र लावून टाका."

वरचे स्वर आधी जातात! त्या वाक्याने माझी झोप गेली, पूजेतले चित्त गेले. घरातला प्रत्येक बारीक आवाज मी तपासू लागलो. देवघरातली घंटा, चिमण्या, कुकरची शिट्टी. सौभाग्यवती एक दिवस वैतागून म्हणाल्या, "अहो, वरणाचं पाणी पाणी झालं. आता तरी ऐकू आली का शिट्टी?" शिट्टी ऐकू येत होती. अप्पा येत नव्हता.

यंत्र लावण्याआधी एकदा त्याच्यासमोर बसून, मध्ये फोन नको, यंत्र नको, उघड्या कानांनी तो वरचा आवाज ऐकायचा, असे मी ठरवले. तो ऐकू आला तर दोष फोनचा. नाही आला, तर मग माझ्या गाण्याचे सोमवार संपले. अप्पाला डॉक्टरांच्या आलेखासकट सारे कळवले, तर तो भलताच गुळमुळीत. "ये की, घर तुझंच हाय. पण सप्ताह चालू हाय, गाण्याची फुरसत मिळंल का न्हाई, सांगता येत न्हाई." गाण्यासाठी जेवण टाकून येणारा माणूस हा.

माघातली सकाळ होती. परभणीच्या स्थानकावरून गंगाखेडकडे जाणारी एसटी सकाळी सहज मिळते. पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना तिकीट लागत नाही, फक्त आधार कार्ड खिशात हवे. वाहकाने माझे कार्ड पाहिले, मग माझ्याकडे पाहिले आणि साऱ्या गाडीला ऐकू जाईल असा ओरडला, "कुठं उतरायचंय बाबा? ऐकू येतंय का?"

"येते," मी म्हणालो. "पोखर्णी."

"न्हाई, म्हातारी माणसं मान हलवतात आन् पुढं जाऊन भांडतात."

मागच्या बाकावरची बाई त्याला म्हणाली, "तू असा वरडत ऱ्हा, म्हंजे चांगल्याचे बी कान जातेल." गाडी हसली. मी हसलो नाही. खिडकीबाहेर हरभऱ्याची शेते मागे जात होती आणि मी पत्र्याची खडखड, काचांची थरथर, इंजिनाचा खर्ज यांतले कुठले कुठले आवाज मला येत आहेत, याचा हिशेब मांडीत होतो.

पोखर्णीला नृसिंहाचे दर्शन घेतल्यावाचून मी या रस्त्याने कधी पुढे जात नाही. आमची परंपरा शिवाची. पण त्याने काय होते? शनिवारी येथे रांग मोठी असते, तेव्हा इतर वारी सकाळी लवकर यावे. ना घरात ना बाहेर अशा उंबरठ्यावर बसून दैत्याला मारणारा हा देव. मी हात जोडले आणि मनात आले, मी तरी कुठे आहे? ऐकू येते म्हणावे तर अर्धे, बहिरा म्हणावे तर तेही नाही. देवाजवळ काही मागायचे नाही असा माझा नेम आहे. त्या दिवशी तो मोडता मोडता राहिला.

देवळाबाहेरच्या हॉटेलात सुशीला खाल्ला. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: भिजवलेल्या मुरमुऱ्यांना कांदा-मिरचीची फोडणी आणि वर डाळ्याची पूड. मराठवाड्याबाहेर मिळत नाही, आणि मिळाला तर तसा लागत नाही. चहासकट एका नोटेत न्याहारी झाली आणि सुटे परत मिळाले.

तेथून गंगाखेडपर्यंत जीपने गेलो. गाळपाचे दिवस असल्यामुळे या रस्त्यावर वेळ हाताशी ठेवून निघावे. एकामागे एक जोडलेल्या दोन ट्रॉल्या उसाने भरून ट्रॅक्टर डुलत चाललेले असतात आणि त्यांना ओलांडणे म्हणजे चालकाच्या धैर्याची परीक्षा. आमच्या चालकाने टेपवर लावणी लावली होती. मी त्याला आवाज कमी करायला सांगितले, तर म्हणाला, "आजोबा, लोक वाढव म्हणतेत, तुमीच कमी म्हणायलाव. कान लय शाबूत हायत की तुमचे!" त्या अनोळखी पोराने दिलेले ते प्रमाणपत्र मी गंगाखेड येईपर्यंत मनात घोळवीत होतो.

गंगाखेडला हवेत मळीचा आंबूस-गोड वास भरलेला होता. गोदावरीवर गेलो. पाणी बरे होते. घाटावर बसून मी साहेबाचे गाणे हलकेच म्हटले, मधला आवाज. वर कुणी नाही, खाली कुणी नाही. कपडे धूत असलेल्या बाईने मान वर करून पाहिले आणि पुन्हा धोपटणे चालू केले. दोन वाजताची गाडी लागेपर्यंत मला बसवेना; घाटाच्या पायऱ्या चढलो, उतरलो, पुन्हा चढलो. राणीसावरगावची एसटी मिळाली तेव्हा पाय थकले होते, मन नव्हते.

राणीसावरगावला उतरल्याबरोबर ध्वनिक्षेपकातून नाम ऐकू आले. महादेवाच्या देवळात अखंड शिवनाम सप्ताह बसला होता. ज्यांनी पाहिला नसेल त्यांना एक गोष्ट सांगायला हवी, कारण पुढचे सारे तिच्यावरच घडले. सप्ताह बसला की वीणा एका माणसाच्या गळ्यात पडते, आणि सप्ताह उठेपर्यंत ती जमिनीला टेकत नाही, तिच्या तारा थांबत नाहीत. पाळीपाळीने माणसे पहारा देतात. एकाच्या गळ्यातून ती दुसऱ्याच्या गळ्यात जाते. आणि या गावचा नेम असा की वीणा गळ्यात असेपर्यंत मुखातून नामाखेरीज अक्षर निघू नये.

मंडपात दुपारची विश्रांती होती. खांबाला टेकून चार-दोन माणसे पेंगत होती, एका कडेला बायका वाती वळत होत्या, आणि मधोमध गळ्यात वीणा घेऊन उभा होता विश्वनाथअप्पा. वाळला होता. मला पाहून त्याचे डोळे हसले, पण ओठांवर नामच.

विणेकऱ्याच्या पायांवर डोके ठेवायचे असते. मी ठेवले. उठलो आणि एवढ्या दिवसांनी भेटलेल्या मित्राला आलिंगन द्यायला दोन्ही हात पुढे केले. येथे माझी चूक झाली. शास्त्रे वाचलेल्या माणसाला हे कळायला हवे होते की वीणेसमोर नमस्कार करून दोन्ही हात पुढे करणे म्हणजे पहारा मागणे. अप्पाने क्षणाचाही विलंब केला नाही. तारा वाजत्या ठेवून त्याने पट्टा काढला, माझ्या गळ्यात घातला, माझे बोट तारेवर टेकवले, माझ्या पाया पडला आणि मोकळा झाला.

"बराबर येळंवर आलास मास्तर," खांद्यावरच्या पंच्याने मान पुसत तो म्हणाला. "पुढचा पहारा मन्मथचा हाय. त्याच्या उसाला आज गाडी आली. ट्रॉली भरून लावल्याबिगर येत न्हाई तो. धर आता."

मला पुष्कळ बोलायचे होते. मुखातून निघाले, "नमः शिवाय."

"लय बारीक झालास म्हणायलास ना? व्हय, झालो."

"नमः शिवाय."

"वैनी बऱ्या हायत का?"

मी मान हलवली आणि नाम घेतले. वाती वळणाऱ्यांपैकी एक वृद्धा, गावात सारे तिला काशीआत्या म्हणतात, पदराआड हसून म्हणाली, "विश्वनाथा, गुरुजी चहाला आले आन् तू त्यान्ला जुंपलंस की रं!"

अप्पा माझ्यासमोर पोत्यावर बसला. मी त्याच्याकडे पाहिले, आणि वीणा धरलेल्या हाताचा अंगठा वर केला. साहेबाची खूण. अप्पाला ती कळली. त्याने नजर खाली घातली.

"आता कशाला? देवळात बरं दिसत न्हाई. घसा बसलाय माझा."

मी अंगठा खाली घेतला नाही. शेवटी नामच तर म्हणायचे होते. त्याला देवळात नाही कसे म्हणणार? त्याने घसा खाकरला. माझ्या नामाला हळूच खालून येऊन मिळाला, एक आवर्तन माझ्याच सुरावर राहिला, आणि मग वर निघाला.

मी डोळे मिटले. तो चढला. मला ऐकू येत होते! पहिली पायरी, दुसरी पायरी. साहेबाच्या ओट्यावर तो जसा चढे तसाच. आणि जेथे पोचून तो आवाज एकटा उभा राहत असे, त्या जागेपाशी येऊन तो फाटला. अगदी स्पष्ट फाटला. जुने धोतर फाटावे तसा. घसरून खाली माझ्या सुराशेजारी येऊन पडला आणि तेथेच रेंगाळला. दिवाळीपासून फोनवर येत होता, तोच तो आवाज.

"आगं बाई, सूर सांडला की!" काशीआत्या म्हणाली.

मी डोळे उघडले. अप्पा माझ्याकडेच पाहत होता.

"ऐकलंस?" त्याने विचारले.

मी मान हलवली.

"मग कान चांगले हायत तुझे. माझी लबाडी धरून द्यायला फोनवर वीणा नसती, पेटी नसती. तू सूर धरलास की म्या वर जायच्या जागी तुझ्याच बाजूला गायचो. वाटलं, कळणार न्हाई. तर तू निघालास कानाच्या डॉक्टरकडं! आता काय सांगावं? माझा गळा गेला म्हणून सांगायला जीभ रेटना, मास्तर. साहेबानं मला वरची जागा देली हुती. दुसरं काय हाय माझ्यापाशी?"

किती रात्री मी तळमळत काढल्या होत्या! कुकरच्या शिट्ट्या मोजल्या होत्या! मला त्याला खूप काही सुनवायचे होते. परंतु गळ्यात वीणा होती. मी म्हणालो, "नमः शिवाय!" इतक्या जोराने की पेंगणारे उठून बसले.

"चिडलास," अप्पा म्हणाला.

"नमः शिवाय! नमः शिवाय!"

"चीड. तुझा हक हाय."

पुढे मन्मथ येईपर्यंत मी ते नाम घेत राहिलो. प्रथम ते रागाचे होते. मग रागाला पुरेसा दम राहिला नाही. शिवाचे नाव घेऊन माणूस फार वेळ रागावलेला राहू शकत नाही; ते नाव जिभेवरून निघताना रागाचा थोडा थोडा अंश घेऊन जाते. कान शाबूत असल्याचा आनंद मात्र, ज्यासाठी एवढा आलो होतो, काही केल्या होईना. मला हवा होता तो आवाज जगातच उरला नव्हता, आणि तो नाही हे मला ठणठणीत ऐकू आले होते. बहिरा असतो तर निदान मानता तरी आले असते की तो कुठेतरी वाजतो आहे.

मन्मथ आला, अंगावर उसाची कुसळे, पाय धुऊन, ओल्या केसांनी. त्याने वीणा घेतली. खांदा मोकळा झाला आणि जडही.

संध्याकाळी महाप्रसादाच्या पंगतीत भात, आमटी आणि लापशी होती. गावात राहायला लॉज नाही. सप्ताहाच्या दिवसांत मात्र कुणीही उपाशी वा उघड्यावर राहत नाही. जेवून आम्ही अप्पाच्या ओट्यावर बसलो. दिवेलागण झाली होती. मी म्हणालो, "अप्पा, साहेबाची जागा रिकामी आहे."

"म्हंजे?"

"खालची. तो गेल्यापासून तेथे कुणी उभे राहिले नाही. तू ये तेथे."

"मला खालचं येत न्हाई. ते साहेबाचं हाय."

"तुझ्या कानांनी ते इतकी वर्षे ऐकले आहे."

त्याने सुरुवात केली. चाचपडत, माझ्या सुराखाली पाय ठेवायला जागा शोधत. दुसऱ्या कडव्याला सापडली. खाली त्याचा आवाज खडबडीत, उबदार आणि म्हातारा होता; तेथे कुणी काही लपवीत नव्हते. त्याची सून दाराशी येऊन म्हणाली, "मामा, हे चांगलं वाटायलंय. पण आर्धं वाटायलंय."

ती बरोबर म्हणाली. वरची जागा उघडी पडली होती, आणि गाणे संपल्यावरही ती तशीच आमच्या डोक्यावर राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि एक डबा लापशी बरोबर घेऊन निघालो. परतीला गंगाखेडहून रेल्वेही मिळते, पण तिची वेळ जुळली नाही, एसटीनेच आलो. अप्पा स्थानकावर सोडायला आला होता. गाडी सुटताना खिडकीशी येऊन म्हणाला, "मास्तर, डॉक्टरनं आलेख काढलाय तो काय खोटा न्हाई. यंत्र लाव. मी आता खाली हाय, पर तुला शिट्टी तर ऐकू याया पायजे."

यंत्र लावले आहे. पंख्याचा आवाज एवढा असतो हे ठाऊक नव्हते. सौभाग्यवतींनी कुकरबद्दल चौकशी करणे सोडले आहे. पण सोमवारची गोष्ट सांगतो, कारण या प्रवासातून मी जे घरी आणले ते तेवढेच. पूजा झाली, फोन लागला, अप्पाने खालची जागा धरली, भरभक्कम. मधला सूर आता न गाताही दोघांच्या कानांत आपोआप चालतो. तो मी सोडला तरी चालेल असे वाटले. आणि मी, ज्याला चाल सोडून कुठेही जाता येत नसे, तो वर निघालो. स्वयंपाकघरातून आवाज आला, "अहो, काय झालं?" मी चढत राहिलो. त्या जागेच्या अलीकडेच फाटलो.

"ऐकलंस?" मी विचारले.

"ऐकलं," अप्पा म्हणाला. "लय वाईट. पुन्हा धर."